आमच्या पणजीच्या मागे तो खांब कुठून आला?

मागच्या अंकात या पानावर एका इंग्लिश चित्राचा छोटा फोटो छापला होता, थॉमस गेन्सबरोनं काढलेल्या मिसेस ग्रॅहमचा, पिसांची हॅट घातलेली बाई, आणि खाली मी चार ओळी खरडल्या होत्या की अशी चित्रं बघताना थोडा वेळ चेहरा सोडा आणि बाकीचं बघा. एवढ्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॅप आले की या वेळी दुसरा विषय घेताच आला नाही. मला वाटलं होतं आपल्या सातारा-सांगलीकडे अडीचशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या बाईचं कोणाला काय पडलंय, तर तसं नाहीये. नेहमीसारखी नावं देत नाही, नुसती गावं देते. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

बाई, मागच्या वर्षी मुलीकडे एडिंबराला गेले होते तेव्हा हेच चित्र प्रत्यक्ष बघितलं, केवढं मोठं आहे हो! तिथला माणूस भराभर इंग्लिशमध्ये सांगत होता, मला एवढंच कळलं की तिच्या नवऱ्यानं हे चित्र नंतर कधी डोळ्यांसमोर येऊ दिलं नाही. मुलगी म्हणते अशा गोष्टी टुरिस्टसाठी रचलेल्या असतात. खरं काय? – कराड

काकू, मुलीला सांगा गोष्ट खरी आहे. आणि पूर्ण ऐकाल तर तुम्ही परत एकदा तिकडे जाल, तिकीट तर नाहीच त्या गॅलरीला.

ही मेरी कॅथकार्ट, जन्म १७५७. बाप स्कॉटलंडचा लॉर्ड, रशियात कॅथरीन राणीच्या दरबारी ब्रिटनचा राजदूत, त्यामुळे पोरीचं बालपण काही काळ सेंट पीटर्सबर्गला गेलं, आई तिथेच १७७१ मध्ये वारली. परत आल्यावर १७७४ च्या डिसेंबरात, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, दोघी बहिणींची लग्नं एकाच दिवशी लागली. थोरलीनं ड्यूक केला. धाकट्या मेरीनं, वय वर्षं १७, थॉमस ग्रॅहम नावाचा पर्थशरचा एक जमीनदार केला, जमीन भरपूर पण पदवी बिदवी काही नाही. बापानं तेव्हा पत्रात लिहिलंय की ही तिच्या मनातला माणूस करतेय, आणि कौतुकानंच लिहिलंय, जावयाला नावं ठेवलेली नाहीत, हे विशेष.

लग्नानंतर वर्षाच्या आत गेन्सबरोनं चित्र सुरू केलं आणि १७७७ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ते लागलं. जवळजवळ आठ फूट उंच आणि पाच फूट रुंद. तुम्ही बघितलंयच, पण ज्यांनी नाही बघितलं त्यांच्यासाठी सांगते, ती एका मोठ्या खांबाच्या चौथऱ्यावर कोपर टेकून उभी आहे, त्या हातात शहामृगाचं पीस, दुसऱ्या हातानं घागरा थोडा सावरलेला, वरचा झगा चांदीसारखा पांढरा आणि आतला घागरा गुलाबी-लाल, पाठीमागे झाडी आणि अंधारून आलेलं आभाळ. आणि ती आपल्याकडे बघत नाहीये. बाजूला कुठेतरी बघतेय, जणू कोणी हाक मारलीय. तो खांब मात्र लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मेरीला क्षय होता. तेव्हा त्यावर औषध नव्हतं, उबदार हवेत न्यायचं एवढंच डॉक्टर सांगायचे, तर नवरा तिला हवापालटाला नेत राहिला, आणि १७९२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जहाजावरच ती गेली. पस्तिसाव्या वर्षी. मूलबाळ नव्हतं. तो तिची शवपेटी घेऊन फ्रान्समधून घरी निघाला, नेमके क्रांतीचे दिवस, तुलूझजवळ तिथल्या लोकांनी संशय घेऊन ती पेटी उघडायला लावली. काय झालं असेल त्या माणसाचं! तोपर्यंत हा शेती, घोडे, शिकार यात रमणारा गृहस्थ, फौजेशी काडीचा संबंध नाही, आणि आता चाळिशी उलटलेली. पुढच्याच वर्षी तुलाँच्या वेढ्यात तो फ्रेंचांविरुद्ध स्वयंसेवक म्हणून उभा राहिला, १७९४ मध्ये स्वतः एक पलटण उभी केली, पुढे जनरल झाला, १८११ मध्ये स्पेनमध्ये बारोसाची लढाई जिंकली, लॉर्ड लाइनडॉक झाला. दुसरं लग्न केलं नाही. १८४३ मध्ये ९५ वर्षांचा होऊन गेला तेव्हा त्याला मेरीशेजारीच पुरलं.

आणि चित्र? ती गेल्यावर त्यानं ते लंडनला ठेवणीत टाकलं. बघवत नव्हतं. ती गेली १७९२ ला, हा गेला १८४३ ला, म्हणजे एकावन्न वर्षं झाली बघा. ते बाहेर आलं तो गेल्यावरच, आणि त्याच्या वारसानं १८५९ मध्ये एडिंबराच्या नॅशनल गॅलरीला दिलं, अट एकच, हे चित्र स्कॉटलंडच्या बाहेर न्यायचं नाही. म्हणून ते लंडनला, पॅरिसला, कुठेच प्रदर्शनाला जात नाही, बघायचं तर तुमच्यासारखं तिथेच जावं लागतं.

आपल्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो दर्शनी भिंतीवर लागतो, चंदनाचा हार, खाली निरांजन, येणारा जाणारा बघतो. त्यानं बरोबर उलटं केलं. मला दोन्ही कळतं.

एक राहिलं, पुढच्या वेळी गेलात तर त्या झग्याच्या अगदी जवळ जाऊन बघा (गार्ड ओरडेल इतकं जवळ नाही). कापड दिसणारच नाही, नुसते ओरखडे, फराटे, कोणीतरी ब्रश झटकल्यासारखे. आठ-दहा पावलं मागे या, की लगेच सॅटिन. गेन्सबरो लांबलचक दांड्याचे ब्रश वापरायचा, काही सहा फुटांचे, म्हणजे चित्र आणि समोरची बाई दोन्ही त्याला सारख्याच अंतरावरून दिसायचे, आणि खोलीत उजेड मुद्दाम कमी ठेवायचा. त्याचा प्रतिस्पर्धी जोशुआ रेनॉल्ड्स, ज्याचं आणि याचं फारसं पटत नव्हतं, त्यानं सुद्धा गेन्सबरो गेल्यावर अकॅडमीच्या भाषणात कबूल केलं की जवळून नुसत्या खुणा दिसतात आणि लांबून त्यांचं जादूसारखं चित्र होतं.

बाई त्या काळात सगळ्या बायका असेच कपडे घालून फिरायच्या का? आणि केस खरे आहेत का विग? – कॉलेजची विद्यार्थिनी, विटा

नाही गं, आणि इथेच गंमत आहे. मेरीचा हा ड्रेस तिच्या काळातला नाहीच. हा आहे त्याच्याही सव्वाशे-दीडशे वर्षं आधीच्या, व्हॅन डाइक नावाच्या चित्रकाराच्या वेळच्या पोशाखावरून घेतलेला. व्हॅन डाइक वारला १६४१ ला. पण १७७० च्या आसपास इंग्लंडात मोठ्या घरच्या लोकांना पोर्ट्रेट काढताना किंवा मुखवट्यांच्या पार्टीला जाताना 'व्हॅन डाइक ड्रेस' घालायची हौस आली होती. आता तू म्हणशील हे काय, तर तुझ्याच ओळखीत बघ, रोज जीन्स-कुर्ती घालणाऱ्या मुली लग्नाच्या आधी पेशवाई लूक करतात, नऊवारी, नथ, खोपा, चंद्रकोर, आणि मेणवलीच्या घाटावर फोटो काढून घेतात. शंभर वर्षांनी कोणी तो अल्बम बघून लिहिलं की २०२० च्या दशकात साताऱ्याच्या मुली नथ घालून ऑफिसला जायच्या, तर कसं होईल? तेच आपण या चित्रांचं करतो. अर्थात एक हिशेबही होता त्यात, फॅशन दहा वर्षांत हास्यास्पद होते, जुना पोशाख होत नाही, आणि चित्र तर नातवंडांसाठी काढलेलं असतं.

केस बहुतेक बायकांचे स्वतःचेच, विग पुरुषांचे जास्त. पण स्वतःचे म्हणजे कसे, तर डोक्यावर लोकरीची किंवा घोड्याच्या केसांची उशी ठेवायची, त्यावरून आपले केस चढवायचे, कमी पडले तर गंगावनासारखे दुसरे जोडायचे, मग प्राण्याची चरबी घातलेलं पोमेड चोपडायचं, आणि वरून पिठाची पावडर, गव्हाच्या स्टार्चची. एवढा खटाटोप रोज कोण करणार, तर हे डोकं कित्येक दिवस तसंच. खाज सुटली की खाजवायला लांब दांडीची नाजूक काडी मिळायची, हस्तिदंतीसुद्धा. चित्रात ती काडी कोणाच्या हातात दिसत नाही एवढंच! १७९५ मध्ये सरकारनं या पावडरवर वर्षाला एक गिनी, म्हणजे एक पौंड एक शिलिंग, कर बसवला, आणि मग पावडर लावणाऱ्यांना लोक 'गिनी पिग' म्हणून चिडवायला लागले, हळूहळू फॅशनच बसली.

चेहऱ्याचं मात्र चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. गोरेपणासाठी काही बायका शिशाचं पांढरं लावायच्या, म्हणजे चक्क विष. मराया गनिंग, लेडी कॉव्हेंट्री, तेव्हाची नावाजलेली सुंदरी, १७६० मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेली आणि तिला या पांढऱ्यानंच मारलं असं तेव्हापासून बोललं जातं. आपल्याकडे फेअरनेस क्रीम वापरणाऱ्यांनी तिला फार हसू नये.

एका चित्राला किती पैसे पडायचे? आणि चित्रकार एवढे झगे स्वतः रंगवत बसायचा? – सांगली, गावभाग

सरळ रेटकार्ड होतं हो. रेनॉल्ड्सचं सांगते, १७६४ च्या सुमाराला नुसतं डोकं-खांदे ३० गिनी, अर्धं शरीर ७०, आणि पूर्ण उभं चित्र १५०. घरकाम करणाऱ्या बाईला तेव्हा वर्षाला दहा पौंडांच्या आतबाहेर मिळायचे, म्हणजे मालकिणीच्या एका चित्रात मोलकरणीची पंधरा वर्षं. कॅनव्हासही ठरलेल्या मापाचे, ३० बाय २५ इंच, ५० बाय ४०, आणि मोठा साधारण ९४ बाय ५८. आपल्याकडे स्टुडिओत पासपोर्ट, पोस्टकार्ड, कॅबिनेट असं विचारायचे ना, तसंच. फ्लेक्सवाल्याचा स्क्वेअर फुटाचा रेट आठवला ना?

आणि नाही, कपडे बऱ्याचदा दुसराच रंगवायचा. लंडनला झगे-पडदे रंगवणारे वेगळे कारागीर होते, जोसेफ व्हॅन एकन नावाचा एक तर एवढा मागणीत होता की एकाच वेळी अनेक चित्रकारांचे कॅनव्हास त्याच्याकडे जायचे, तो १७४९ ला वारला तेव्हा होगार्थ नावाच्या चित्रकारानं चेष्टेचं चित्र काढलं, सगळे पोर्ट्रेटवाले त्याच्या अंत्ययात्रेत रडत चाललेत म्हणून. रेनॉल्ड्सकडे पीटर टॉम्स होता या कामाला. इलाजच नव्हता, १७५८ या एका वर्षात रेनॉल्ड्सकडे दीडशे माणसं चित्रासाठी बसली, तो चेहरा करायचा आणि पुढचा गिऱ्हाईक आत. गेन्सबरो मात्र कापड स्वतः करायचा, मदतीला फक्त भाचा. म्हणून तर मिसेस ग्रॅहमचा झगा तसा थरथरतो.

मागच्या अंकात तुम्ही एका चित्राच्या चोरीबद्दल अर्धवट लिहून सोडून दिलंत, हे बरोबर नाही. – फलटण

जागा संपली होती, माफी. ते चित्र वेगळं, पण चित्रकार तोच. जॉर्जियाना, डेव्हनशरची डचेस. आपल्याकडे नागठाण्याच्या बालगंधर्वांनी रंगमंचावर जे नेसलं ते घराघरातल्या बायकांनी नेसलं ना, तसं हिचं लंडनमध्ये होतं, डोक्यावर उंच उंच पिसं खोचायचं खूळ हिनंच आणलं. तिचं गेन्सबरोनं काढलेलं चित्र घराण्यातून कधीतरी गायब झालं आणि १८४१ मध्ये सापडलं ते एका म्हाताऱ्या शिक्षिकेच्या घरी, तिनं शेकोटीच्या वर बसावं म्हणून खालचा भाग चक्क कापून टाकला होता, पाय गेले. (मी पण शिक्षिका. मला तिचा राग येतो आणि येतही नाही.) विकलं गेलं ५६ पौंडांना. तेच १८७६ मध्ये लिलावात दहा हजार गिनींच्या वर गेलं, अॅग्न्यू नावाच्या व्यापाऱ्यानं घेतलं, आणि काही दिवसांतच रात्री अॅडम वर्थ नावाच्या चोरानं खिडकीतून शिरून फ्रेममधून कापून नेलं. विकता येईना, कारण सगळ्या जगाला माहीत. पंचवीस वर्षं त्यानं ते स्वतःजवळ ठेवलं, १९०१ मध्ये शिकागोला पैसे घेऊन परत दिलं. शेवटी १९९४ मध्ये ते डेव्हनशर घराण्यानंच लिलावात विकत घेतलं आणि चॅट्सवर्थच्या आपल्या वाड्यात परत आणलं.

हे गोरे चित्रकार आपल्याकडे आले होते का? नाना फडणवीसांचं एक रंगीत चित्र बघितल्याचं आठवतं. – वाई

आले होते, आणि तुम्ही बघितलेलं तेच असणार. जेम्स वेल्स, स्कॉटिश, १७९१ मध्ये मुंबईत उतरला, तिथून पुण्याला. तिथला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट, त्याच्या ओळखीनं दरबारात शिरकाव. सवाई माधवराव, नाना, महादजी शिंदे, सगळ्यांना यानं बसवून रंगवलं. सवाई माधवराव आणि नाना एकत्र असलेलं मोठं तैलचित्र लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. तुमच्या मेणवलीच्या वाड्यातल्या भिंतीवरची चित्रं आठवा, तिथे माणसं बाजूनं, सपाट, एका रेषेत, आणि मग हे नाना बघा, लांबट चेहरा, गालाखाली सावली, डोळ्यात थकवा. माणूस तोच, बघायची पद्धतच बदलली.

वेल्सनं शनिवारवाड्यात चित्रशाळाही काढून दिली, त्यातला गंगाराम तांबट नावाचा आपला माणूस इतका तयार झाला की त्यानं वेरूळची लेणी बघून काढली. वेल्स १७९५ मध्ये इकडेच तापानं गेला. पुढे त्याच्या मुलीनं, सुझानानं, १७९९ मध्ये त्याच मॅलेटशी लग्न केलं.

पेशव्यांच्या घरातल्या बायकांना मात्र त्याच्यासमोर बसवणं शक्यच नव्हतं, पडदा आड. म्हणजे त्याच वर्षांत तिकडे लंडनला बायकांची चित्रं लायनीनं निघत होती आणि इकडे पुण्यात चित्रकार दारात असून वाड्यातल्या बाईचं एकही नाही. पुढे शंभर वर्षांनी राजा रविवर्म्याच्या तैलरंगात नऊवारीतल्या बाया आल्या, आणि छापून घरोघर गेल्या. रविवर्मा तरुणपणी त्रावणकोरच्या दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन नावाच्या युरोपियन पोर्ट्रेटवाल्याचं काम बाजूला उभं राहून बघायचा. त्याचं मूळ काम जवळून बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात औंधला जा. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये म्युझियम काढून ठेवलंय, रविवर्मा आहे, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरची दगडातली आई-मूल आहे. लोक देवीला जातात आणि पायऱ्यांवरून परत फिरतात, माझा जीव तुटतो.

ज्यांनी सातारची गादी खालसा केली त्यांच्या बायकांचं एवढं कौतुक तुम्हाला कशाला? – तासगाव

राग कळला. पण मी कौतुक करा म्हटलंच नव्हतं, बघा म्हटलं होतं. आणि नीट बघितलं तर आपणच सापडतो त्यात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानी छापील सुती कापडानं इंग्लिश बायकांना इतकं वेडं केलं की तिथल्या विणकरांनी दंगे केले, १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यात छापील सुती कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले, शाई फेकली. शेवटी १७२१ मध्ये कायदाच झाला, छापील सुती कापड अंगावर घालायला बंदी, आणि ती टिकली १७७४ पर्यंत. मलमल मात्र सुटली. म्हणून त्या चित्रांत रेशीम आणि सॅटिन जास्त दिसतं, आणि शतक संपताना मात्र अंगावर पांढरी मलमल, खांद्यावर काश्मिरी शाल. सगळी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून गेलेली. कंपनीत कमावून परतलेल्यांच्या बायकाही याच चित्रकारांकडे बसल्या. रेनॉल्ड्सच्या एका चित्रात, १७६५ चं, बर्लिनला आहे, क्लाइव्हचा चुलतभाऊ, त्याची बायको, छोटी मुलगी, आणि त्या मुलीला सांभाळून धरणारी एक हिंदुस्थानी आया. बाकी तिघांचं घराणं नोंदलेलं आहे. आयाचं नाव चित्राच्या नावात नाही, ती तिथे नुसती आया.

म्हणून बघायचं.

आमच्या वाड्यात खापरपणजोबांचं तैलचित्र आहे, काळं पडलंय. कोणीतरी सांगितलं अर्धा कापलेला बटाटा घासा. – मिरज

नका! बटाटा नको, कांदा नको, खोबरेल तेल तर अजिबात नको, ओलं फडकंसुद्धा नको. काळं झालंय ते बहुतेक वरचं वॉर्निश आणि उदबत्तीचा धूर, खाली रंग ठीक असू शकतो, पण घासलं की रंगाची पापडी निघून येते आणि ती परत लावता येत नाही. ओल येणाऱ्या भिंतीवरून आधी उतरवा, लावलंच तर मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळेल, समोर ऊन येत असेल तर जागा बदला. आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चित्रं दुरुस्त करणाऱ्यांचं केंद्र आहे, तिथे फोटो पाठवून विचारा. काळजी करू नका, रेनॉल्ड्सच्या चित्रांचे हाल तर तो जिवंत असतानाच झाले होते, त्यानं वापरलेला लाल रंग उडाला आणि गिऱ्हाइकांचे चेहरे भुतासारखे पांढरे पडले, डांबरी रंगाला भेगा गेल्या त्या वेगळ्याच.

बाई, तुम्ही चेहरा सोडून बाकीचं बघा म्हणालात म्हणून विचारतो. घरात आजोबांच्या आईचा एक फोटो आहे, १९३० च्या आसपासचा असावा, सांगलीतच काढलेला. नऊवारी, नथ, एक हात छोट्या स्टुलासारख्या कशावर तरी टेकवलेला, आणि मागे जाडजूड खांब, गुंडाळलेला पडदा, लांब बाग आणि तळं. आमचं घर कृष्णाकाठी, मातीच्या भिंतींचं, खांब असला तर लाकडी. मग हा खांब कुठून आला? – सांगली

फोटो बघितला आणि हसू आलं, कारण हा मिसेस ग्रॅहमच्या मागचा खांब आहे.

थट्टा नाही करत. व्हॅन डाइक राजेरजवाड्यांच्या मागे खांब आणि पडदा लावायचा, म्हणजे माणूस मोठ्या घरचा वाटावा. ते गेन्सबरो-रेनॉल्ड्सनं उचललं, गिऱ्हाइकाच्या घरी तसा खांब असो नसो. त्यांच्या चित्रांवरून काळ्या-पांढऱ्या छापील प्रती निघाल्या आणि गावोगाव गेल्या. मग १८५० नंतर फोटो स्टुडिओ आले, तिथे वकिलापासून वाण्यापर्यंत सगळ्यांना मोठ्या घरचं दिसायचं होतं, तर फोटोवाल्यांनी लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे पोकळ खांब आणून ठेवले आणि मागे रंगवलेला पडदा सोडला. तेच सामान इंग्रजांबरोबर मुंबईला आलं, तिथून आपल्याकडे. आणि आपल्या भागात तर पडदे रंगवणाऱ्या हातांना तोटा नव्हता, सांगलीत १८४३ पासून नाटकं, कंपन्यांना महाल, उपवन, दरबार असे पडदे लागायचे, कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर त्यातूनच पुढे आलेले. तुमच्या फोटोतलं ते तळं नीट बघा, मला ते एखाद्या संगीत नाटकाच्या दुसऱ्या अंकातलं वाटतंय. साताऱ्यात मोती चौकाजवळच्या एका स्टुडिओत माझ्या लहानपणी असाच पोकळ खांब होता, आम्ही भावंडं त्याला टेकलो आणि तो कलंडला, फोटोवाल्याकाकांनी जे काय ऐकवलं ते इथे छापता येणार नाही.

आता चेहरा सोडून हात बघा. मेरी ग्रॅहमचा हात पिसावर कसा सैल पडलाय, तिला अशा उभं राहण्याची सवय होती. तुमच्या पणजींची बोटं त्या स्टुलाच्या कडेला घट्ट आहेत, नखं पांढरी पडल्यासारखी. 'हलू नका' म्हणून सांगितलं असणार, आणि परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर थोडा मागे घेऊन उभं राहायची ती आयुष्यातली पहिलीच वेळ असेल कदाचित. पण नजर सरळ कॅमेऱ्यात आहे हो, मेरीसारखी बाजूला नाही.

फोटो फ्रेममधून हलक्या हातानं काढून मागचा पुठ्ठा बघा, स्टुडिओचा शिक्का असतो, नशीब असेल तर पेन्सिलीनं तारीखही. आणि एक, तुम्ही एवढं मोठं पत्र लिहिलंत, खांब, पडदा, तळं सगळं लिहिलंत, पणजींचं नाव लिहायचं राहिलंय. त्या एडिंबराच्या चित्राचं पण तसंच आहे, चित्राचं नाव 'द ऑनरेबल मिसेस ग्रॅहम', मेरी त्यात कुठेच नाही. तेवढं कळवा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.